यादीत नाव नसलेली गोळी

जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे केळीची कापणी जोरात असली की संध्याकाळी मेडिकलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "भाऊ, आंग भलतं दुखी ऱ्हायनं, गोयी दे." दिवसभर घड वाहून ट्रक भरणाऱ्या माणसाचं दुखणं खोटं नसतं. साध्या गोळीने ते उतरत नाही, मग कुणीतरी ट्रामाडोलची कॅप्सूल सुचवतो. अंग हलकं होतं, दोन खेपा जास्त होतात. काही आठवड्यांनी एका कॅप्सूलने भागेनासं होतं.

ट्रामाडोल हे कृत्रिम ओपिऑइड आहे. अफूतलं मॉर्फिन मेंदूतल्या ज्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या खाचांना, चिकटतं, त्यांनाच हेही चिकटतं. पण त्यासाठी अफूचं बोंड चिरावं लागत नाही, ते कारखान्यात बनतं. यकृत त्याचं रूपांतर जास्त जोरकस रेणूत करतं आणि ही क्षमता माणसागणिक वेगळी असते. म्हणून एकाला जेमतेम गुंगी आणणारा डोस दुसऱ्याला बेशुद्ध करू शकतो. प्रमाण वाढलं तर फिटही येते.

सातपुडा आणि नर्मदा ओलांडून माळव्यात गेलं की मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्यावर अफू पिकते. तिथे जमीन लागते, हंगाम लागतो, मजूर लागतात, आणि शेत लपवता येत नाही. बेल्जियमचे औषध-संशोधक पॉल यान्सन यांनी 1960 च्या सुमारास बनवलेल्या फेंटानिल या कृत्रिम ओपिऑइडला यातलं काहीच लागत नाही. मॉर्फिनपेक्षा ते 50 ते 100 पट तीव्र. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात. नशेच्या चोरट्या बाजारात ते चमच्याने मिसळलं जातं, आणि सवय नसलेल्या माणसाला सुमारे 2 मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके कण, जिवावर बेतू शकतात.

मरण येतं ते श्वासातून. झोपेतही आपण श्वास घेतो, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी ठेका धरून बसलेल्या असतात आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तो ठेका वाढवतात. ओपिऑइड या पेशींनाच गप्प करतं. श्वास मिनिटाला 16 वरून 10, मग 6, मग 4. गुदमरल्याची जाणीवही बोथट झालेली असते, त्यामुळे माणूस धडपडत नाही. ओसरीवर बाजेवर पडलेला असतो, घशातून घरघर येत असते, आणि घरचे म्हणतात, थकलाय, घोरतोय, झोपू द्या. हे वाक्य मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतं.

आता कायद्याचं पाहू. आपला 1985 चा अमली पदार्थ कायदा पदार्थांना नावाने ओळखतो. नाव यादीत आलं की तो लागू. ट्रामाडोल त्या यादीत 2018 साली आलं. पण फेंटानिलच्या रेणूला एका टोकाला फ्लोरिनचा एक अणू जोडला, की परिणाम जवळपास तोच आणि नाव नवं. सातबारा फोडून गट नंबर बदलावा आणि जमीन तीच राहावी, तसं. अमेरिकेने 1986 साली 'मूळ पदार्थाशी मिळताजुळता' अशी व्यापक व्याख्या केली, पण मिळताजुळता म्हणजे किती, यावर कोर्टात वाद होत राहिले. चीनने 1 मे 2019 पासून फेंटानिलचं अख्खं कुटुंबच नियंत्रणाखाली आणलं. त्याच सुमारास चोरट्या बाजारात नायटाझीन नावाची ओपिऑइडं दिसू लागली. 1950 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये शोधलेली आणि औषध म्हणून कधीच न वापरलेली ही रसायनं. रचना वेगळी, म्हणून फेंटानिलच्या तपासणीपट्टीवर ती दिसत नाहीत. काही तर फेंटानिलहूनही तीव्र.

आपण केवळ बघे नाही. टॅपेंटाडॉल हे ओपिऑइड आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध एकत्र असलेल्या गोळ्या भारतातून पश्चिम आफ्रिकेत जात होत्या. तिथली तरुण मुलं त्यात अडकल्याचं उघड झाल्यावर फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारने ही निर्यात थांबवली.

तरी नुसता फास आवळा, असं मी म्हणणार नाही. माझी मावशी कर्करोगाने गेली. शेवटच्या महिन्यात तिच्यासाठी मॉर्फिन शोधत आम्ही जळगावात दारोदार फिरलो. सगळीकडे कागदपत्रांची धास्ती. 1985 मध्ये देशात 716 किलो मॉर्फिन वैद्यकीय उपचारात वापरलं गेलं होतं. कायद्याच्या भीतीने ते 1997 पर्यंत 18 किलोंवर आलं. 2014 च्या दुरुस्तीने अशा अत्यावश्यक औषधांची वाट थोडी मोकळी केली, त्यात फेंटानिलही आहे. मावशीच्या किंकाळ्या ज्याने ऐकल्या, तो या रेणूंना निव्वळ विष म्हणू शकत नाही.

याच कायद्याचं 64अ हे कलम फारसं कुणाला ठाऊक नसतं. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. 14446 हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क क्रमांक आहे.

आणि बाजेवरचा माणूस हाका मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने चोळूनही उठत नसेल, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली असतील, ओठ काळेनिळे पडले असतील, तर 108 ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबत असेल तर तोंडाने श्वास द्या. काय घेतलं होतं ते डॉक्टरांना न लपवता सांगा, पाकीट सापडलं तर सोबत न्या. नॅलोक्सोनचं इंजेक्शन ग्राहींवरून ओपिऑइडला हुसकावतं आणि काही मिनिटांत माणूस डोळे उघडतो. पण त्याचा असर तासा-दीड तासात ओसरतो, गोळीचा त्याहून जास्त टिकू शकतो. म्हणून शुद्धीवर आलेला माणूस "मी बरा आहे, घरी जातो" म्हणाला तरी त्याला त्या रात्री दवाखान्यातून हलवू नका.