नैसर्गिक प्रयोग (श्रम अर्थशास्त्र)

कायदा, जन्मतारीख, राज्यसीमा किंवा सोडत यांमुळे लोकांची आपोआप झालेली विभागणी प्रयोगासारखी वापरून रोजगार, वेतन व शिक्षण यांतील कार्यकारणसंबंध शोधण्याची पद्धती. तिच्या विकासाबद्दल २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक निम्मे डेव्हिड कार्ड यांना व निम्मे जोशुआ अँग्रिस्ट आणि गिडो इम्बेन्स यांना मिळाले. अनेक शोधनिबंधांतील सहलेखक ॲलन क्रूगर २०१९ मध्येच निवर्तले होते.

न्यू जर्सीने १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते बदलले नाही. कार्ड व क्रूगर यांनी दोन्हीकडच्या ४१० फास्टफूड उपाहारगृहांची वाढीच्या आधी व नंतर पाहणी केली. न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही (१९९४). न्यूमार्क व वॉशर यांनी वेतनपत्रकांवरून उलट मत मांडले. तथापि कार्ड-क्रूगर यांचे २००० मधील उत्तर अधिक व्यापक सरकारी नोंदींवर आधारलेले असल्याने त्याचे पारडे जड वाटते.

दुसरे तंत्र साधन-चलाचे, म्हणजे ज्याचा परिणाम केवळ अभ्यासातील कारणामार्फतच फलितावर होतो अशा बाह्य घटकाचे. त्याचा उगम सामान्यतः फिलिप राइट यांच्या तेलांवरील जकातीविषयीच्या १९२८ मधील ग्रंथाच्या ‘ब’ परिशिष्टात मानतात. मागणी व पुरवठा दोन्ही बदलत असताना किंमत आणि विक्रीच्या आकड्यांतून एकाचा वक्र वेगळा कसा काढावा, हा तेथील प्रश्न. परिशिष्टाची धाटणी उरलेल्या ग्रंथाहून निराळी असल्याने ते फिलिप यांचे पुत्र, आनुवंशिकीतज्ज्ञ स्यूअल राइट यांनी लिहिले असावे, असा तर्क होता. स्टॉक व ट्रेबी यांनी २००३ मध्ये शब्दवापराच्या सांख्यिकीय तुलनेवरून ते फिलिप यांचेच ठरविले. लेखनशैलीवरून लेखक ठरतो, कल्पना कोणाची हे नव्हे. तिच्यात दोघांचाही वाटा असावा.

अँग्रिस्ट व क्रूगर यांनी १९९१ मध्ये जन्माची तिमाही हे साधन वापरले. अमेरिकेत सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा वयावर असल्याने शाळेत तुलनेने मोठ्या वयात दाखल होणाऱ्या, वर्षारंभी जन्मलेल्यांना किंचित कमी शिकून शाळा सोडता येते. या फरकावरून शिक्षणाचा वेतनावरील परिणाम काढला. साधनाचा शिक्षणाशी संबंध क्षीण असल्यास अंदाज विश्वसनीय राहत नाही, हा बाउंड, जेगर व बेकर यांचा आक्षेप (१९९५) आज सर्वमान्य आहे.

अंदाज नेमका कोणाला लागू पडतो, हे इम्बेन्स व अँग्रिस्ट यांनी १९९४ मध्ये स्पष्ट केले. साधनामुळे ज्यांचे वर्तन बदलले त्यांचाच सरासरी परिणाम त्यातून मिळतो. एरवीही शिकलेच असते किंवा शिकलेच नसते, अशांविषयी तो काही सांगत नाही. साधनाने कोणी उलट दिशेने ढकलला जाऊ नये, हेही गृहीत धरावे लागते. हे गृहीतक तपासणे अवघड असूनही व्यवहारात ते फारशा चर्चेविना स्वीकारले जाते.

स्थलांतराबाबत कार्ड यांचा १९९० चा अभ्यास प्रसिद्ध आहे : १९८० मध्ये क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक निघाले व मायामीचे श्रमबळ अंदाजे ७ टक्क्यांनी वाढले, तरी स्थानिकांचे वेतन घसरल्याचे दिसले नाही. बोर्हास यांनी २०१७ मध्ये शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या पुरुषांपुरती पाहणी करून मोठी घसरण दाखविली. त्याच सुमारास पाहणीच्या नमुन्यातील, सरासरीने कमी वेतन असलेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण वाढले होते व घसरण त्यामुळेही दिसू शकते, याकडे क्लेमेन्स व हंट यांनी लक्ष वेधले.