संगणक आला, रजिस्टर राहिले

जुलै २०२२मध्ये महाराष्ट्रातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत संगणकावरची रुग्णनोंदणी बंद पडली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातही केस पेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. यंत्रे धडधाकट होती. प्रणाली चालवणारी खासगी कंपनी आणि शासन यांच्यात देण्याघेण्यावरून वाद झाला आणि सेवा थांबली. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातले सर्वांत नावाजलेले सरकारी रुग्णालय जवळजवळ दोन आठवडे कागदावर चालले. महाराष्ट्राने पुढे एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या ज्या ‘ई-हॉस्पिटल’ प्रणालीची वाट धरली, तीच एम्समध्ये वापरात होती.

एका ठिकाणी करार आजारी, दुसऱ्या ठिकाणी पहारा ढिला. रुग्णालयाची डिजिटल सज्जता मोजताना पंचवीस वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी फारशा कुणी धरत नव्हते. तेव्हा सज्जता म्हणजे छपरावरची उपग्रहाची डिश. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात अरगोंडा नावाचे गाव आहे, अपोलो रुग्णालयाच्या संस्थापकांचे जन्मगाव. तिथल्या दूरवैद्यक (टेलिमेडिसिन) केंद्राचे उद्घाटन मार्च २०००मध्ये बिल क्लिंटन यांच्या भारतभेटीत झाले. पुढच्याच वर्षी इस्रोने उपग्रहाद्वारे रुग्णालये जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. गावातला हृदयरुग्ण आणि शहरातला तज्ज्ञ समोरासमोर आले, हे खरेच मोठे काम होते. पण तज्ज्ञाने सुचवलेली तपासणी गावाजवळ होते का, सुचवलेले औषध तिथल्या भांडारात आहे का, हे उपग्रहाला कुठे ठाऊक?

त्याच सुमारास केनियात एक वेगळा, अगदी साधा प्रयोग चालला होता. एल्डोरेट शहराजवळच्या मोसोरिओट ग्रामीण आरोग्य केंद्रात फेब्रुवारी २००१मध्ये संगणकीय नोंदी सुरू झाल्या. मोई आणि अमेरिकेतल्या इंडियाना या दोन विद्यापीठांचे हे काम. नोंदणीच्या खिडकीवर संगणक. रुग्ण छापील कागद हातात घेऊन केंद्रभर फिरणार आणि जाताना त्या कागदावरचे सगळे संगणकात चढणार. डॉक्टरांना कळफलकाला हात लावावा लागत नव्हता. नंतर मोजदाद झाली, तेव्हा रुग्णाच्या भेटीचा एकूण वेळ २२ टक्क्यांनी आणि ताटकळण्याचा वेळ ३८ टक्क्यांनी घटला होता. हे आकडे कौतुकाने सांगितले जातात. याच मोजणीत रुग्णाला उपचार करणाऱ्यांबरोबर मिळणारा वेळही ५८ टक्क्यांनी घटला होता, ते मात्र सहसा मागे राहते. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे, वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडला? या कामातूनच पुढे २००४मध्ये ‘ओपनएमआरएस’ ही रुग्णनोंदींची, सर्वांना मोफत खुली असलेली प्रणाली उभी राहिली.

आफ्रिकेतल्याच मलावीत बाओबाब हेल्थ या संस्थेने याच काळात लिलाँग्वेच्या रुग्णालयात पडद्याला बोट लावून चालणारी यंत्रे बसवली, कारण टंकलेखन न येणाऱ्या परिचारिकांना कळफलक शिकवत बसण्यापेक्षा ते सोपे होते. वीज जाणारच हे गृहीत धरून बॅटरीची सोयही केली होती.

‘सज्जता’ मोजण्याचा एक ठळक प्रयत्न झाला तो २००७च्या आसपास. शारिक खोजा या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसनशील देशांतल्या आरोग्यसंस्थांसाठी प्रश्नावल्या तयार केल्या आणि त्या पाकिस्तानात तपासून पाहिल्या. व्यवस्थापकांसाठी एक, उपचार करणाऱ्यांसाठी दुसरी. त्यात तंत्रज्ञानाबरोबर मूलभूत गरज, शिकण्याची तयारी, समाज आणि धोरण यांनाही जागा होती. दोन वेगळ्या प्रश्नावल्या करण्यातच शहाणपण आहे. अधीक्षकांच्या केबिनमध्ये रुग्णालय नेहमीच तयार असते, वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टरना विचारले की खरे उत्तर मिळते.

आणि सिस्टरचे उत्तर बहुतेक वेळा दुहेरी नोंदीबद्दल असते. संगणक आला म्हणून रजिस्टर जात नाही. दाखल रुग्णांचे, औषधांचे, पोलीस प्रकरणांचे, प्रत्येकाचे वेगळे रजिस्टर. लेखापरीक्षणाला आणि कोर्टाला कागद लागतो, असे वर्षानुवर्षे मनावर ठसलेले. त्यामुळे तेच नाव आधी वहीत, मग पडद्यावर, आणि महिनाअखेरीला अहवालात. वर नावाचाही घोळ. रुग्ण नाव मराठीत सांगतो, खिडकीवरचा कंत्राटी ऑपरेटर ते इंग्रजी अक्षरांत टाकतो. एकाच वैशालीबाईंच्या स्पेलिंगचे तीन प्रकार झाले की एका बाईंच्या तीन रुग्णनोंदी होतात. वय ‘असेल साठ-पासष्ट’, एकाच नावाची गावे तालुक्यात दोन. जुना क्रमांक सापडत नाही म्हणून ऑपरेटर नवा देऊन टाकतो, कारण मागे दीडशे माणसांची रांग असते. अशा नोंदींतून पुढे कितीही हुशार आकडेमोड केली तरी पाया कच्चाच.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी इथे जन स्वास्थ्य सहयोग या स्वयंसेवी संस्थेचे रुग्णालय आहे. दूरदूरच्या आदिवासी गावांतून तिथे रुग्ण येतात. २०१३च्या सुमारास तिथे ‘बाहमनी’ ही प्रणाली घडली. रुग्णनोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळा आणि हिशेबासाठी आधीपासून उपलब्ध असलेली इतर खुली सॉफ्टवेअरे, असा सांधा होता. खिडकीपासून औषधवाटपापर्यंत रुग्ण कसा फिरतो, हे रुग्णालयात बसून पाहत ती बांधली गेली. पुढे ती इतर देशांतल्या रुग्णालयांतही गेली. आपल्याकडे सहसा उलटे होते. निविदा आधी निघते, रुग्णाचा फेरा नंतर कळतो.

दरम्यान सरकारी कागदपत्रे भराभर निघाली. आरोग्यनोंदींचे राष्ट्रीय मानक २०१३मध्ये आले, २०१६मध्ये सुधारले. २०१९ला राष्ट्रीय डिजिटल आरोग्य आराखडा झाला. मार्च २०२०मध्ये, टाळेबंदी लागत असतानाच, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि डॉक्टरांनी फोनवर सल्ला द्यावा की नाही या वर्षानुवर्षांच्या संभ्रमाला उत्तर मिळाले. ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेची, घरबसल्या सल्ला देणारी ओपीडी त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली. करोनाने एका महिन्यात जे करून घेतले ते आधीच्या दहा वर्षांत झाले नव्हते, हे मान्य करावेच लागेल. २७ सप्टेंबर २०२१ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले आणि आरोग्यनोंदी एकत्र जोडणारा १४ अंकी आभा क्रमांक घराघरांत पोचला. जानेवारी २०२३पासून नोंदी जोडणाऱ्या रुग्णालयांना प्रोत्साहनाचे पैसे मिळू लागले.

आता मोठ्या रुग्णालयांच्या ओपीडीत क्यूआर कोड लावलेला असतो. तो मोबाइलवरच्या आभाच्या अ‍ॅपने टिपला की नाव-पत्ता आपोआप पोचतो आणि टोकन मिळते, रांग टळते. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्याला हे सोयीचे झाले आहे. रांगेतल्या म्हाताऱ्या आजींचे आधार मात्र मुलाच्या नंबरला जोडलेले असते आणि मुलगा भिवंडीला कामावर असतो. आभा काढायला लागणारा ओटीपी तिकडे जातो. खिडकीवरचा माणूस थोडा वेळ थांबतो, मग म्हणतो, “राहू द्या आजी, नाव सांगा.”