ड्रायव्हर आहे हो, फर्मवेअर नाही!

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की दुसऱ्या मिनिटाला ठरलेला प्रश्न येतो: "वाय-फाय दिसत नाही, ड्रायव्हर कुठे मिळेल?" अहो, ड्रायव्हर तुमच्याकडे आहे. नाहीये ते फर्मवेअर. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

ड्रायव्हर म्हणजे एखाद्या कार्डाशी कसं बोलायचं ते ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणारा प्रोग्राम. लिनक्सपुरतं एवढंच, की तो बहुतेक वेळा कर्नलसोबतच (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) येतो आणि तुमच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर म्हणजे खुद्द वाय-फाय कार्डाच्या आतला प्रोग्राम; ते चालतं कार्डावरच्या स्वतःच्या चिमुकल्या प्रोसेसरवर. बऱ्याच कार्डांमध्ये ते कायमचं साठवून ठेवायची सोयच नसते, वीज गेली की पाटी कोरी. म्हणून दर वेळी ड्रायव्हर '/लिब/फर्मवेअर' या फोल्डरमधून फाइल उचलतो आणि कार्डात भरतो. विंडोजमध्ये दोन्ही एकाच पुडक्यात मिळायचं, त्यामुळे फरक कळायची वेळच आली नाही.

आमच्या मामांनी इंटेलच्या 'सेंट्रिनो' लॅपटॉपांच्या जमान्यातल्या लॅपटॉपसाठी दोन संध्याकाळी खपून 'आयपीडब्ल्यू २२००' हा वाय-फाय ड्रायव्हर सोर्समधून कंपाइल केला, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः तयार केला. तो आवृत्ती २.६.१४ पासून, म्हणजे २००५ पासून कर्नलमध्येच आहे! मी 'डीमेसेज' ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा चालवून दाखवली. एका ओळीत कार्ड सापडल्याची नोंद, तिच्याखाली 'आयपीडब्ल्यू२२००-बीएसएस.एफडब्ल्यू' या फाइलच्या नावाने रड आणि शेवटी 'रीझन -२'. वजा दोन म्हणजे 'अशी फाइल नाही'. आता ही तक्रार केली कोणी? ड्रायव्हरनेच. जो मुळात नाही तो कुरकुर कशी करेल? फर्मवेअरच्या फाइली त्या फोल्डरमध्ये टाकल्या, 'मॉडप्रोब'ने ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला, झालं. कंपाइल वगैरे काही नाही.

खरा घोळ घातला तो ब्रॉडकॉम या कंपनीच्या वाय-फाय कार्डांनी. तिथे फर्मवेअर वेगळं वाटायची परवानगी नव्हती. मग लोकांनी युक्ती काढली: विंडोजचा ड्रायव्हर उतरवायचा आणि 'एफडब्ल्यूकटर' या प्रोग्रामने त्यातून फर्मवेअर कापून काढायचं. त्याच काळात 'एनडिसरॅपर' नावाचं दुसरं हत्यार होतं. त्यालाही विंडोजचाच ड्रायव्हर लागायचा, पण तो अख्खाच्या अख्खा लिनक्समध्ये चालवण्यासाठी. म्हणजे 'बीसीएमडब्ल्यूएल५.सिस' ही एकच फाइल. कटरसाठी ती फक्त नारळ, खोबरं काढून करवंटी फेकायची. रॅपरसाठी तीच ड्रायव्हर. दोन्ही कृती एकाखाली एक वाचून माणसं दोन्ही करून मोकळी व्हायची आणि मग एकाच कार्डासाठी दोन ड्रायव्हर भांडत बसायचे. माझं मत स्पष्ट आहे: कर्नलमध्ये चालता ड्रायव्हर असेल तर एनडिसरॅपरला हात लावू नका.

त्यात ब्रॉडकॉम कार्डांसाठीच्या कर्नलमधल्या 'बी४३' ड्रायव्हरची आणखी एक खोड. फर्मवेअर नसतानाही 'डब्ल्यूलॅन०' (लिनक्सने वाय-फायला दिलेलं नाव) यादीत दिसतो. तो 'इफकॉन्फिग' या आज्ञेने चालू करायला गेलात की उत्तर येतं, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. कुठली फाइल ते सांगत नाही. लोक 'डब्ल्यूलॅन०'च हरवला समजून शोधत बसतात. फाइलचं नाव असतं 'डीमेसेज'मध्ये, तिथे कोणी बघत नाही.

'डेबियन' या लिनक्सच्या एका प्रकाराने २०११ मध्ये, आवृत्ती ६ पासून, मुक्त नसलेलं (ज्याचा कोड खुला नाही असं) फर्मवेअर कर्नलमधून बाजूला काढलं. तत्त्व मला पटतं. पण वाय-फाय चालू करायला लागणारी फाइल वाय-फायवरून कशी उतरवायची? केबल जोडा, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन शेजाऱ्यांकडे जा. शेवटी २०२३ च्या आवृत्ती १२ मध्ये ते इन्स्टॉलरसोबतच यायला लागलं.

ड्रायव्हर खरंच नसेल तर 'डीमेसेज'मध्ये त्या कार्डाच्या ड्रायव्हरची ओळच नसते. तेव्हा 'एलएसपीसीआय -एनएन' या कार्डांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेतला कार्डाचा आकडा घेऊन खुशाल ड्रायव्हर शोधा.

महिन्याभराने मामांचा पुन्हा फोन: "फर्मवेअर गेलं रे!" मी डीमेसेज वाचून दाखवायला सांगितलं. 'किल स्विच इज ऑन'. लॅपटॉपच्या पुढच्या कडेचं वाय-फाय बंद करायचं बटण पिशवीतून काढताना सरकलं होतं.