धातुशोधक : साधे व प्रगत

धातुशोधक (मेटल डिटेक्टर) : जमिनीत, भिंतीत, सामानात किंवा शरीरात दडलेली धातूची वस्तू विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाने ओळखणारे उपकरण. या नोंदीत मुख्यतः हाती धरून जमिनीवर फिरवायच्या शोधकाचा आणि त्याच्या साध्या व प्रगत प्रकारांतील निवडीचा विचार केला आहे.

तत्त्व : वेटोळ्यातून प्रत्यावर्ती (दिशा सतत बदलणारा) प्रवाह सोडला की त्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते धातूत शिरले की धातूत भोवऱ्यासारखे आवर्त प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे स्वतःचे क्षेत्र निर्माण होते. हे क्षीण प्रतिक्षेत्र टिपणे एवढेच शोधकाचे काम. चांदी, तांबे यांसारख्या उत्तम संवाहकांचे प्रतिक्षेत्र मूळ क्षेत्राच्या बरेच मागे पडते, पातळ ॲल्युमिनियमचे कमी. या मागे पडण्यावरूनच (कलांतरावरून) वस्तूच्या जातीचा अंदाज बांधता येतो. छोट्या वस्तूचा प्रतिसाद मात्र अंतराच्या जवळजवळ सहाव्या घातात घटतो. खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टपट क्षीण होतो. २० सेंमी.वर ऐकू येणारे नाणे २५ सेंमी.वर तितकेच स्पष्ट ऐकायचे, तर संकेत सुमारे चौपट हवा. ‘दुप्पट किंमत, दुप्पट खोली’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

उगम : शोधाचे श्रेय कोणाला, याबद्दल एकमत नाही. जर्मन भौतिकीविज्ञ हाइन्रिख व्हिल्हेल्म डोव्हे यांनी १८४० च्या सुमारास वेटोळ्यांच्या दोन जोड्या एकमेकींविरुद्ध तोलून धातूंचा प्रवर्तनावरील परिणाम तपासला होता. त्यामुळे काही लेखक परंपरा त्यांच्यापासून सुरू करतात. डेव्हिड एडवर्ड ह्यूझ यांचा ‘प्रवर्तन तोल’ १८७९ चा. त्यात टेलिफोनचा श्रवणभाग जोडल्यामुळे तोल ढळल्याचे कानाला कळू लागले. आजच्या शोधकाचा थेट पूर्वज हाच मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा प्रयोग सर्वांत प्रसिद्ध. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला आणि एक गोळी शरीरात राहिली. यादवी युद्धात लागलेल्या गोळ्या अंगात वागवणाऱ्या जुन्या सैनिकांवर बेल यांनी आपले यंत्र आधी पारखून घेतले. गारफिल्ड यांच्या अंगावर फिरवताना मात्र मोठ्या भागावर एकसारखी मंद घरघर येत राहिली. गादीखाली पोलादी तारांची जाळी होती, हे नंतर कळले. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले आणि शवविच्छेदनात गोळी शरीराच्या डाव्या बाजूला सापडली. शोध घेतला होता उजवीकडे, कारण डॉक्टरांचा तर्क तसा होता. अपयशाचे खापर कोणी तारांवर फोडतात, कोणी डॉक्टरांवर. यंत्राची पोच मुळात काही इंचांचीच होती, हे कारण त्यामानाने कमी सांगितले जाते, पण वर दिलेला सहाव्या घाताचा नियम पाहता ते दुर्लक्षिण्यासारखे नाही.

विसाव्या शतकात वाद पेटंटांचा आहे. शर्ल हेर यांना १९२८ मध्ये, तर गेरहार्ड फिशर यांना १९३७ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. फिशर विमानांसाठी रेडिओ दिशाशोधकावर काम करत असताना धातू व खनिजांजवळ दिशा चुकते, हे त्यांच्या लक्षात आले. तारखा हेर यांच्या बाजूने आहेत. विक्रीचा व्यवसाय मात्र फिशर यांच्या यंत्रापासून वाढला. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंगशोधक तयार करून पेटंट न घेता ब्रिटिश सैन्याला दिला. १९४२ च्या इजिप्तमधील एल् अलामेनच्या लढाईत तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्यामागे युद्धपूर्व पोलिश संशोधन होते असे मानतात. त्याचा वाटा किती, यावर मते वेगळी आहेत.

प्रकार : सर्वांत साध्या यंत्रात जवळजवळ समान वारंवारतेचे दोन आंदोलक असतात. धातू जवळ आला की एकाची वारंवारता सरकते आणि दोहोंच्या फरकातून उमटणारा विस्पंदाचा सूर बदलतो. त्याला लोखंड आणि सोने यांतला फरक धड कळत नाही. आता ‘साधे’ म्हणून विकले जाणारे यंत्र बहुधा अतिनिम्न वारंवारतेचे, एकाच वारंवारतेवर चालणारे असते. त्यात प्रेषक व ग्राहक अशी दोन वेटोळी असतात आणि जमिनीचा तोल, म्हणजे मातीतील खनिजांचा संकेत वजा करणारी जुळणी, कारखान्यातच बसवलेला असतो. प्रगत यंत्रात हा तोल (ग्राउंड बॅलन्स) स्वतः जुळवता येतो, पडद्यावर वस्तूच्या जातीचा अंदाज देणारा अंक दिसतो, नको असलेल्या अंकांचा पट्टा गाळता येतो आणि काहींत अनेक वारंवारता एकाच वेळी चालतात. स्पंद-प्रवर्तन यंत्राची रीत निराळी. ते प्रवाह झटक्यात तोडते आणि धातूतील प्रतिसाद किती वेळात विझतो, ते मोजते. खनिजयुक्त जमिनीत ते सरस ठरते, मात्र धातूंची पारख करण्यात दुबळे.

निवड : साध्या व प्रगत यंत्रांतील खरा फरक धातू सापडण्यात कमी आणि नको ते गाळण्यात जास्त आहे. सौम्य मातीत, वीतभर खोलीच्या आत नाणे दोन्हींना सापडते. माती लोहखनिजांनी भरलेली असेल, तर साधे यंत्र प्रत्येक पावलाला कुरकुरते. ओल्या खाऱ्या वाळूत मीठपाणीच संवाहक असल्याने एकाच वारंवारतेचे यंत्र गोंधळते. तेथे बहुवारंवारता किंवा स्पंद-प्रवर्तन घ्यावे. सोन्याच्या बारीक कणांसाठी उच्च वारंवारता लागते, मोठ्या चांदीच्या नाण्यांसाठी निम्न. मोठे वेटोळे मोठ्या वस्तूंसाठी खोल जाते, पण बारीक वस्तू गमावते.

पडद्यावरच्या अंकावर फार विसंबू नये. पातळ सोन्याची अंगठी आणि डब्याच्या झाकणाची ॲल्युमिनियमची कडी यांचे अंक पुष्कळदा एकच येतात. कडी गाळायला सांगितली की अंगठीही गाळली जाते. गंजका खिळा आवाजावरून कळतो. वेटोळे त्यावरून डावीकडून उजवीकडे नेले तर तुटक ‘टक्’ येतो, नव्वद अंश फिरून पुन्हा नेले तर कधी तो नाहीसाच होतो. आडव्या पडलेल्या नाण्याचा सूर दोन्ही दिशांनी सारखा व गोल राहतो. हे कान साध्या यंत्रावर तयार होतात. नवख्याने आरंभीच भरपूर मांडण्यांचे यंत्र घेतले, तर दोष मातीचा की मांडणीचा, हे त्याला उमगत नाही.

सुरुंगशोधनात पारख वापरतच नाहीत. काही सुरुंगांत धातू अत्यल्प असतो, त्यामुळे प्रत्येक संकेत खरा धरावा लागतो. त्याला जोड म्हणून काही यंत्रांत भूवेधी रडार (जमिनीत रेडिओ लहरी सोडून दडलेली वस्तू टिपणारे) असते. दारातून जाण्याच्या चौकटी, हाती फिरवायची दांडी आणि अन्नपदार्थ तपासणारी औद्योगिक यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

पुरातत्त्व : पुरातत्त्वज्ञ शोधकाकडे दीर्घकाळ संशयाने पाहत, कारण वस्तू उपसली की तिच्या थराचा पुरावा नष्ट होतो. १९८४ मध्ये अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या जुन्या रणभूमीवर मात्र धातुशोधकांच्या साहाय्याने सापडलेल्या गोळ्या व काडतुसांच्या नोंदींवरून लढाईतील हालचाली मांडता आल्या. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने मौल्यवान निधी सापडल्यास कळवणे बंधनकारक आहे. तेथील स्टॅफर्डशर निधी २००९ मध्ये सापडला. अँग्लो-सॅक्सन सोन्याचा हा आजवरचा सर्वांत मोठा साठा आहे. तो ज्या यंत्राने सापडला ते जुने, किरकोळ किमतीला विकत घेतलेले होते.