शुक्रवारपर्यंत: टिल की बाय?

‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ ऑफिसच्या मेलमध्ये हे वाक्य दिसलं नाही असा आठवडा जात नाही. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो. वाचणाऱ्याला कळतं, शुक्रवार येईपर्यंत रिपोर्ट पाठवतच राहीन.

टिल सगळ्यांना येतो. दुकान नऊपर्यंत उघडं, ओपन टिल नाइन. टिल आणि अन्टिल यांच्या अर्थात फरक नाही. टिल हा अन्टिलचा संक्षेप आहे हा मात्र गैरसमज. टिलच जुना, ‘अन’ त्याला मागाहून चिकटला. त्यामुळे टिलआधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी टाकलेली मला बघवत नाही.

घोळ होतो तो बायपाशी. शाळेत बाय म्हणजे ‘ने’ किंवा ‘कडून’ असं पाठ झालेलं असतं, आणि ‘पर्यंत’ म्हटलं की हात आपोआप टिलकडे जातो. मराठीत एका ‘पर्यंत’वर भागतं, कारण बाकीचं क्रियापद सांभाळतं. ‘शुक्रवारपर्यंत थांबतो’ यात थांबणं आज, उद्या, परवा चालूच असतं. ‘शुक्रवारपर्यंत पैसे देतो’ यात देणं एकदाच, केव्हातरी त्याआधी. ‘शुक्रवारपर्यंत पुस्तक वाच’ इथे मात्र आपणही अडखळतो आणि ‘वाचत राहा’ किंवा ‘वाचून काढ’ असं म्हणून मोकळे होतो. वाचत राहायचं तर टिल, वाचून काढायचं तर बाय.

‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत पैसे देतो’ चालतं, म्हणून बाय. ‘शुक्रवारच्या आत थांबतो’ कुणी म्हणणार नाही, म्हणून टिल. पूर्ण वाक्य असेल तरी हेच. ‘तू येईपर्यंत मी भाजी चिरते’ म्हणजे टिल यू कम. ‘तू येईपर्यंत भाजी चिरून झालेली असेल’ म्हणजे बाय द टाइम यू कम.

हिंदीतला ‘तक’ आणि जर्मनमधला ‘बिस’ दोन्हीकडे चालतात, त्यामुळे ती माणसंही इंग्रजीत इथेच घसरतात.

बायची धास्ती वाटून काही जण ‘बिफोर फ्रायडे’ लिहितात. तसं करू नका. बायमध्ये शुक्रवार धरलेला असतो, बिफोरमध्ये गुरुवारीच मुदत संपते. रजेच्या अर्जात तर मी ‘टिल फ्रायडे’ही लिहू देत नाही. शुक्रवारी माणूस येणार की नाही, ते त्यातून कळत नाही. कामावर परत कधी येणार तो वार लिहावा.

आणि ‘टिल आय डोंट कम, डोंट साइन’ हे कृपा करून थांबवा. ‘मी येत नाही तोपर्यंत’ यातला ‘नाही’ मराठीला शोभतो. इंग्रजीत तो नको: डोंट साइन टिल आय कम.