सॉ मिल (आरागिरणी)

सॉ मिल म्हणजे ओंडके चिरून फळ्या, वासे, रिपा पाडून देणारी गिरणी. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी ती लाकडाच्या वखारीतच असते, माल तिथेच घ्या आणि तिथेच चिरून न्या. सागवानासाठी नाव चंद्रपूर-गडचिरोलीचं, बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही गेलं.

मोठ्या मिलमध्ये बँडसॉ असतो, म्हणजे वर एक खाली एक अशी दोन मोठी चाकं आणि त्यांच्यावरून पट्ट्यासारखं सलग फिरणारं दातेरी पातं. ओंडका रुळांवरच्या ट्रॉलीला आवळून पात्यावर ढकलतात, फळी सुटली की तो जाडीपुरता पुढे सरकवायचा आणि परत तेच. गोल पात्यापेक्षा हे पातं पातळ असल्यामुळे भुसा कमी पडतो, आणि महाग लाकडात भुसा म्हणजे सरळ पैसेच गेले.

खरी अक्कल लागते पहिला कट कुठून घ्यायचा ते ठरवताना. ओंडका एका बाजूने सरळ चिरत गेलं तर माल जास्त निघतो आणि रेषा पण झोकदार दिसतात, पण लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जेवढं आकसतं ते वलयांना आडव्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडच्या, दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं म्हणून अशा फळ्या वाकतात. आधी चार फाका करून गाभ्याकडून चिरलं तर फळी सरळ राहते, मात्र वेळ आणि वेस्टेज दोन्ही वाढतं. दाराला कुठलं घ्यावं हे सुताराला विचारा, दुकानदाराला नको.

माप घनफुटात. ओंडक्याचा घेर इंचात घेऊन त्याचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले फुटातली लांबी, भागिले १४४. म्हणजे ४८ इंच घेर आणि १० फूट लांबी असेल तर १० घनफूट. प्रत्यक्षात तो ओंडका पावणेतेराच्या आसपास भरतो, पण साल आणि कडेची फळकुटं वाया जाणारच असा हिशोब त्यात आधीच धरलेला असतो, त्यामुळे यात फसवणूक वगैरे काही नाही. फसवणूक असते ती बाहेरचा पांढरा भाग गाभ्याच्या भावाने खपवण्यात, त्याला वाळवी लवकर लागते.

चिरलेल्या फळ्यांच्या मधे पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशी थप्पी सावलीत लावतात.

लायसन्सशिवाय मिल चालत नाही. जंगलं वाचवण्यासाठीच्या गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २००२ मध्ये विनापरवाना मिल बंद करायला आणि कोर्टानेच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नवीन न उघडायला सांगितलं, त्यामुळे पुढे बरीच वर्षं जुन्या लायसन्सलाच महत्त्व राहिलं.