दोन भागांमधली टाळी

सिम्फनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेच्या, दोन भागांमध्ये कोणी टाळी वाजवली की आजूबाजूच्या माना वळतात. मध्ये टाळी न वाजवण्याची ही शिस्त मोत्झार्ट-बीथोव्हनच्या काळापासूनची, असं ठासून सांगितलं जातं. तसं नाही. १७७८ मध्ये पॅरिसला आपल्या सिम्फनीचा पहिला भाग चालू असतानाच टाळ्यांचा कडकडाट झाला, हे मोत्झार्टने वडिलांना खुशीत कळवलं. दाद कुठे मिळणार हे ओळखून त्याने ती जागा शेवटी पुन्हा घेतली होती. पक्का माणूस! १८१३ मध्ये व्हिएन्नात बीथोव्हनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावला. मधल्या शांततेचा नियम सर्वत्र रुळला तो विसाव्या शतकात. आज तो पाळायचा असेल, तर वाद्यवृंदाला हाताने इशारे देणारा कंडक्टर हात खाली घेऊन श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबलं की झालं.